पुण्याची दुसरी महिला खासदार अजून का झाली नाही?

कर्वेनगरकर: १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पुणे दक्षिणमधून इंदिरा मायदेव लोकसभेवर गेल्या. त्यानंतर २०२४ पर्यंत पुणे मतदारसंघातून एकही महिला निवडून आलेली नाही. महापालिकेत तर २०११ च्या निर्णयानुसार निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. मग अनुभवी नगरसेविकांची ही फळी लोकसभेच्या उमेदवारीपर्यंत का पोचत नाही? ‘बाईला मते पडत नाहीत’ हे एका कार्यकर्त्याचे उत्तर मला पटलेले नाही.

पर्वतीपायथा: पटू नयेच. माधुरी मिसाळ २००९ पासून पर्वतीतून सलग चार वेळा आमदार झाल्या आहेत. बारामतीत २०२४ साली सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार अशी थेट लढत झाली, आणि खडकवासला विधानसभा क्षेत्र त्याच मतदारसंघात असल्यामुळे पुण्यातल्याच धायरीकरांची खासदार आजही महिलाच आहे.

जुना वॉर्ड: मते मिळतात, अडते ते तिकिटापाशी. प्रभागाचे आरक्षण सोडतीने ठरते. पाच वर्षे खपून बांधलेला प्रभाग पुढच्या सोडतीत राहीलच असे नाही, आणि पुणे लोकसभेच्या सहा विधानसभा क्षेत्रांवर पकड दाखवण्याइतके बळ गोळा होण्याआधीच पुष्कळ जणी महिला आघाडीच्या कामात अडकतात. मेधा कुलकर्णी २०१४ साली कोथरूडमधून निवडून आल्या, तरी २०१९ ची उमेदवारी चंद्रकांत पाटलांना मिळाली. पुढे २०२४ साली त्या राज्यसभेवर गेल्या. माजी महापौर वंदना चव्हाण यांनाही संसदेची वाट राज्यसभेतूनच मिळाली. राज्यसभेचे मोल मी कमी करत नाही, पण तिथे निवड आमदारांच्या मतांनी होते, पुणेकरांच्या नव्हे.

शनिवारपेठी: कायद्याची वाटही लांबच आहे. महिला आरक्षणाचे विधेयक प्रथम १९९६ साली मांडले गेले, २०१० साली राज्यसभेत संमत होऊनही लोकसभेत अडले, आणि अखेर २०२३ साली १०६ वी घटनादुरुस्ती झाली. तीत एकतृतीयांश आरक्षण असले, तरी ते नव्या जनगणनेशी आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी बांधलेले आहे. लोकसभेत २०१९ साली ७८ महिला निवडून आल्या होत्या, २०२४ साली ५४३ पैकी ७४. महाराष्ट्रातून ४८ पैकी सात.

कर्वेनगरकर: म्हणजे मायदेवबाईंना आरक्षणाशिवाय मिळालेली उमेदवारी आज पक्षांना अवघड वाटते! त्यांच्या १९५२ च्या प्रचाराविषयी कोणी घरातील वडीलधाऱ्यांकडून काही ऐकले असल्यास येथे अवश्य लिहावे.