मदत हवी आहे: कुंभार्ली घाट, पाऊस आणि शेवटचा लाल चिखल. टायर कोणते घेऊ?

कठड्यापाशी (धागाकर्ता)

मंडळी, गणपतीत गावी जायच्या आधी निर्णय घ्यायचाय, म्हणून जरा घाईत विचारतोय.

गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०१८च्या दिवाळीत घेतलेली. टायर १८५/६५ आर १५, कंपनीतून आले तेच अजून आहेत. रनिंग फक्त ४६,००० किमी. एरवी गाडी पुण्यातच, घर ते ऑफिस. वर्षातून सहा-सात वेळा गुहागर तालुक्यातल्या गावी: कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण. मुख्य रस्ता सोडला की घरापर्यंतचे शेवटचे सहाशे मीटर जांभ्याची कच्ची वाट, तीही उताराची. पावसाळ्यात तिचं लाल लोणी होतं.

गेल्या महिन्यात कुंभार्ली उतरत होतो. पाऊस म्हणजे नुसती भुरभुर, वेग चाळीसच्या आसपास. पोफळीच्या अलीकडे एका उजव्या वळणावर ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी वळायचं सोडून सरळ कठड्याकडे निघाली. एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) खडखड पायाला कळली. थांबली, पण कठडा हातभरावर. आई शेजारी होती. ती काही बोलली नाही. मांडीवरच्या डब्यातले लाडू खाली सांडले होते, ते एकेक करून वेचत बसली.

त्याच ट्रिपला परत निघताना घराच्या चढावर पुढची चाकं जागेवरच फिरत राहिली. शेजारच्या अण्णांनी दोन गोणपाटं आणून चाकाखाली घातली, तेव्हा कुठे गाडी वर आली.

पुण्यात दोन ठिकाणी विचारलं. पहिला म्हणाला, "नक्षी आहे अजून, वीस हजार किलोमीटर आरामात जातील." दुसरा म्हणाला, "साहेब, २०५/६५ टाका. रुंद टायर, रस्त्याला चिकटून चालते गाडी." मित्र म्हणतो ए/टी (ऑल टेरेन, कच्च्या रस्त्यासाठीचे जाड नक्षीचे) टायर टाक, चिखलाचा प्रश्नच मिटेल. बजेट २५ हजार. दोन टायरवर भागलं तर सोन्याहून पिवळं.

काय करू?

तिसरा गिअर

आधी एक काम करा. टायरच्या बाजूवर 'डीओटी'ने सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे इथे लिहा, पाचही टायरचे. पाचवा म्हणजे स्टेपनी. ते चार आकडे फक्त एकाच बाजूला छापलेले असतात आणि मर्फीच्या कृपेने ती बाजू नेहमी आत असते, तेव्हा वाकावं लागेल.

आणि खाचेत नख रोवून बघा. रबर दबतं की नख सरकतं?

कठड्यापाशी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च लावून चक्क आडवा झालो. वॉचमन विचारून गेला, काही पडलं का साहेब.

चारही टायरवर ३२१८. स्टेपनीवर २९१८. नख अजिबात रुतत नाही, पाटीवर घासल्यासारखं वाटतं. खाचांच्या तळाशी केसाएवढ्या बारीक भेगा आहेत, त्या आजवर दिसल्याच नव्हत्या. नक्षी मोजली, तीन मिलिमीटर आहे.

तिसरा गिअर

झालं तर मग. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. सात वर्षं झाली. तुमचा टायर झिजून गेलेला नाही, म्हातारा होऊन गेलाय. रबरातला मऊपणा ऊन, हवा आणि वेळ यांनी जातो, गाडी उभी असली तरी जातो. कमी रनिंगवाले लोक इथेच फसतात. किलोमीटर कमी म्हणून टायर नवा वाटतो.

खाचेत जिथे बारीक उंचवटा आहे तो टीडब्ल्यूआय, म्हणजे झीज दाखवणारी खूण, उंची १.६ मिमी. नक्षी तिथपर्यंत झिजली की कायद्याने टायर बाद. तुमचे कायद्याने अजून पास आहेत. पण पावसात टायरची पकड तीन मिमीच्या खाली भराभर उतरते आणि तुमचं रबरही कडक आहे. पहिल्या टायरवाल्याने नक्षी बघितली, वय बघितलं नाही.

अजून एक. भुरभुर पाऊस हा मुसळधारेपेक्षा वाईट. मुसळधार पाऊस रस्ता धुऊन तरी काढतो. भुरभुरीत धूळ, ट्रकच्या डिझेलचे ओघळ आणि पाणी यांचं मिश्रण नुसतं पसरतं, आणि घाटातल्या वळणांवर तर ट्रक कण्हत-कण्हत चढतात.

वायपर फुल्ल

रुंद टायरबद्दल लिहितो, कारण हा सल्ला प्रत्येक दुकानात मिळतो.

१८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच. पूर्ण चाकाचा व्यास साधारण ६२१ मिमी होतो. २०५/६५ घातला तर ६४७. चार टक्के मोठं चाक. मीटरवर ८० दिसेल तेव्हा गाडी ८३ने पळत असेल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर चाक आत घासू शकतं. रुंदी वाढवायचीच असेल तर बाजूची उंची कमी करून व्यास जुळवावा लागतो, जसं की २०५/६०. पण तुम्हाला मुळात हवाय कशाला?

कोरड्या रस्त्यावर रुंद टायरचा फायदा आहे, मान्य. साचलेल्या पाण्यावर उलटं होतं. टायरला समोरचं पाणी खाचांतून बाहेर फेकायचं असतं. टायर जितका रुंद तितकं फेकायचं पाणी जास्त. फेकणं जमलं नाही की चाक पाण्यावर तरंगतं आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. नासात विमानाच्या चाकांसाठी यावर एक हिशोब मांडला गेला होता, त्या हिशोबाने ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेला हे साधारण ताशी ९५ किमी वेगाला सुरू होतं. हवा २५ असेल तर ८३लाच. नक्षी शाबूत असेल तर थोडी सवलत मिळते, गोटा टायर (नक्षी जाऊन गुळगुळीत झालेला) असेल तर नाही. म्हणजे पावसाळ्यात हवा कमी भरली की पकड वाढते, हा समज हायवेवर तरी महागात पडेल.

तुमचं चाळीसच्या वेगाचं घसरणं हे तरंगणं नव्हतं. ते कडक रबर. पण कराडपर्यंत हायवेवर तुम्ही नव्वदला असता, तिथे हा हिशोब लागू होतो.

वऱ्हाडात ऊन फार

आमच्याकडे चिखलापेक्षा ऊन मारतं. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री, त्यात समृद्धीचं काँक्रीट आणि १२०ची मर्यादा. नागपूरहून निघालं की ७०१ किलोमीटर सरळ. टायर फुटण्यामागे जास्त हवेपेक्षा कमी हवाच जास्त वेळा असते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते-उठते, तापते आणि आतून सोलत जाते. "उन्हाळा आहे, दोन पॉइंट कमी ठेवतो" म्हणणाऱ्याला माझ्या गाडीला हात लावू देत नाही.

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतं. त्यावर आहे तेवढी हवा, सकाळी, गाडी थंड असताना. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल तर तो. नायट्रोजनचे पैसे देणाऱ्यांना सांगतो, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

साइजच्या पुढे ८८ एच असं काही असेल तेही बघा. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, एच म्हणजे ताशी २१०पर्यंत. टी १९०, एस १८०. कंपनीने दिलंय त्याच्या खाली उतरू नका, वर चालेल.

बर्फाळ पोहे

म्युनिकहून. थोडं अवांतर आहे, पण भारतातले नातेवाईक मला हमखास विचारतात, "ऑल सीझन घेऊ का?" इकडे सीझन म्हणजे काय ते सांगते. सातएक डिग्रीच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं, म्हणून हिवाळी टायर वेगळे. लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा हिशोब लक्षात ठेवतात. बर्फाच्या रस्त्यावर तसे टायर नसतील तर दंड. ऑक्टोबर २०२४पासून तर नुसतं 'एम+एस' लिहिलेलं चालत नाही, तीन शिखरं आणि आत हिमकणाचं चित्र असलंच पाहिजे. माझे दुसरे चार टायर तळघरात पडून असतात आणि वर्षातून दोनदा अदलाबदलीचा खर्च येतो.

सांगायचं हे की 'एम+एस' म्हणजे मड आणि स्नो असलं तरी त्या अक्षरांवर जाऊन जांभ्याच्या चिखलात उतरू नका. कोकणात सात डिग्री कधी येत नाही, तुम्हाला चांगला पावसाळी पकडीचा रस्त्याचा टायर हवाय. बाजूवर 'ट्रॅक्शन' लिहिलं असेल तर तिथे ए किंवा एए बघा. ती अक्षरं ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावण्याची आहेत. वळणाचं ती काही सांगत नाहीत.

दोनच घ्या

एवढं कशाला? पुढे दोन नवीन टाका. इंजिन पुढे, ब्रेकचा भार पुढे, स्टिअरिंग पुढे. त्यांची गाडीही पुढूनच घसरली ना?

तिसरा गिअर

सगळी दुकानं हेच करतात आणि मला इथेच भांडायचंय. दोन नवीन घेतले तर ते मागे जातात, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची चाकं घसरली तर तुम्हाला कळतं. पाय थोडा सोडला की पकड परत येते, जशी धागाकर्त्यांना आली. मागची सुटली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि तुम्ही घाट चढताय की उतरताय हे कळायच्या आत तोंड उलटीकडे. नवीन पुढे आणि म्हातारे मागे हा घाटात सगळ्यात वाईट जोड.

पण मग दोन मागे टाकून पुढे हेच २०१८चे राहिले तर पोफळीचं वळण जसंच्या तसं उरतं. म्हणून दोनवर भागत नाही. चार घ्या.

दोनच घ्या

ठीक आहे, हे माहीत नव्हतं. आयडी बदलावा लागेल मला.

साकवाखालचा

मी चिपळूणजवळचा, रोज असल्याच वाटेने ये-जा. ए/टी टायरवर एकच सांगतो. तुमच्या साइजमध्ये पर्याय नगण्य, आवाज जास्त, टायर जड, पेट्रोल जास्त खाणार आणि ओल्या डांबरावर ब्रेकला साध्या चांगल्या टायरपेक्षा मागे. सहाशे मीटरसाठी बाकीच्या अडीचशे किलोमीटरचं नुकसान कशाला?

आणि तुमच्या वाटेवर तो तरी चालेल का? जांभ्याचा चिखल नक्षीत भरतो आणि दोन फेऱ्यांत टायर गोटा होतो. वर शेवाळ असलं तर देवही चढत नाही. आम्ही काय करतो? जुलै-ऑगस्टमध्ये गाडी वरच ठेवतो, देवळाच्या कडेला. सामान डोक्यावर. न्यायचीच असेल तर आदल्या दिवशी चिऱ्याचे तुकडे दोन्ही चाकोऱ्यांत टाकून घ्यायचे, उतरताना पहिला गिअर, ब्रेक नाही. चढताना मध्ये थांबायचं नाही, कोणी हात दाखवला तरी. चाक फिरायला लागलं की एक्सलरेटर दाबणं म्हणजे स्वतःसाठी खड्डा खणणं.

कठड्यापाशी

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

चार घेतले, त्याच साइजमध्ये. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर पुढची शंभर पोस्टी त्यावरच पडतील. दुकानदाराने आधी "खास डिस्काउंट" म्हणून जे काढले त्यावर ११२३ होतं. मी वाकून आकडे वाचतोय बघून त्याने न बोलता ते परत रॅकवर ठेवले आणि आतून २२२५ आणले. नवीन व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून २३,८००. जुन्यातला त्यातल्या त्यात बरा स्टेपनीला ठेवा म्हणत होता. सगळेच २०१८चे, त्यात बरा कुठला? स्टेपनी पुढच्या पगाराला.

पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जपून चालवा असं त्यानेच सांगितलं, नव्या टायरवर साच्याचा तुळतुळीतपणा असतो म्हणे. ते पुण्यातच काढले आणि मग परवा गावी जाऊन आलो. कुंभार्लीत तशीच भुरभुर होती. त्याच वळणावर यावेळी तीसने गेलो, त्यामुळे टायरचं कौतुक किती आणि भीतीचं किती, सांगता येणार नाही. लाडवांचा डबा आईने यावेळी आधीच मागच्या सीटवर ठेवला होता.

गाडी वर देवळापाशी लावली. पिशव्या घेऊन चालत खाली आलो तर अण्णा पडवीतच बसलेले. म्हणाले, "गाडी नाय आणलीस ती बरा केलास. पण माझी गोणपाटां कुठे हत?"

ती डिकीत होती. पुण्याला जाऊन परत आलेली.