शब्दचर्चा: 'जुनाट सूज' की 'जुनाट दाह'?

प्रश्न: 'क्रॉनिक इन्फ्लमेशन'ला, म्हणजे शरीरात दीर्घकाळ मंदपणे चालू राहणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या प्रतिक्रियेला, 'जुनाट सूज' म्हटलं तर चालेल का? लेख अपुरी झोप, बैठं काम, धूम्रपान अशा सवयींवर आहे.

उत्तर: या लेखात 'सूज' नको. पाय मुरगळला की घोटा सुजतो, लाल होतो, ठणकतो, हाताला गरम लागतो. ही चारही लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकातच नोंदवली. तिथे 'सूज' चपखल बसते. तुमच्या विषयात बाहेरून काहीच दिसत नाही. वाचक पाय दाबून बघेल आणि सूज नाही म्हणून निर्धास्त होईल!

'जळजळ' म्हटलं की पित्त आठवतं. 'शोथ' अचूक आहे, 'संधिशोथ'मध्ये रुळलाही आहे, पण सुटा आला की लोक 'शोध' वाचतात. मी 'जुनाट दाह' लिहीन. सोबत क्रियापद 'धुमसणे'. 'भडकणे' जखमेसाठी किंवा जंतुसंसर्गासाठी ठेवा.

हे धुमसणं शब्दशः घडतं म्हणून माझा आग्रह. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी नुसती पडून राहत नाही. ती दाहाचा इशारा देणारी इंटरल्यूकिन-6 सारखी प्रथिनं रक्तात सोडत राहते आणि त्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) हे प्रथिन बनवतं. अतिसंवेदनशील चाचणीत सीआरपी सतत लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर राहिलं, तर हृदयविकाराचा धोका जास्त धरतात. साध्या संसर्गातही ते वाढतं, त्यामुळे एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नये, हेही लेखात जरूर यावं.

प्रश्न: आणि 'दाहशामक आहार'?

उत्तर: 'दाहशामक' आयबुप्रोफेनसारख्या औषधाला शोभतं. आहाराला 'दाह आटोक्यात ठेवणारा' म्हणा, तेही एकूण आहाराला: भाज्या, डाळी, अख्खी धान्यं, मासे. एकट्या हळदीला किंवा लसणाला हे विशेषण लावलं की वाचक तेवढंच खातो आणि रात्रीची जागरणं तशीच चालू राहतात.

'व्यायामाने दाह उतरतो' हे वाक्यही बदला. दमवणाऱ्या व्यायामानंतर इंटरल्यूकिन-6 काही तास उलट वाढतं, कारण स्नायूच ते सोडतात. खाली येते ती एरवीची पातळी, आणि तीसुद्धा व्यायाम नियमित असेल तर. सिगारेट सोडल्यावरही रक्तातल्या दाहाच्या खुणा निवळायला काही वर्षं लागू शकतात. म्हणून दोन्हीकडे 'उतरतो' ऐवजी 'उतरत जातो' लिहा.