जॅगरी, शुगर आणि काकवी : एका पाकिटावरून निघालेली शब्दचर्चा

प्रश्न : निपाणीच्या बाजारातून आणलेल्या गुळाच्या पाकिटावर ‘बेल्ल’, ‘गूळ’ आणि ‘जॅगरी’ अशी तीन नावे तीन लिप्यांत छापलेली होती. पहिली दोन आपल्या भागात लहान मुलालाही ठाऊक असतात. परंतु ‘जॅगरी’ हा शब्द इंग्रजांनी कोठून आणला? तसेच काकवीला इंग्रजीत ‘ट्रीकल’ म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : पाकिटावरच्या तीन नावांचे एकमेकांशी काहीही नाते नाही, मात्र त्यांतल्या तिसऱ्याचे नाते आपल्या डब्यातल्या साखरेशी अगदी सख्खे आहे. ‘गूळ’ हा संस्कृत ‘गुड’पासून आला आणि ‘गुड’ म्हणजे मुळात गोळा, म्हणजे ढेपेच्या आकारावरूनच नाव पडले. कन्नड ‘बेल्ल’ द्राविडी कुळातला असून तमिळ ‘वेल्लम्’ आणि तेलुगू ‘बेल्लम्’ ही त्याचीच भावंडे आहेत. ‘जॅगरी’ मात्र ‘शर्करा’चा वंशज आहे.

‘शर्करा’ या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ वाळूचे खडे किंवा कच असा होता. आयुर्वेदात मूतखड्याच्या बारीक कणांनाही ‘शर्करा’ म्हटले आहे, ते याच अर्थाने. उसाचा रस आटवून दाणे पाडण्याची विद्या साधल्यावर त्या दाण्यांना हेच नाव मिळाले. प्राकृतातल्या ‘सक्करा’वरून आपली ‘साखर’ आणि कन्नडची ‘सक्करे’ आली. (खडीसाखरेत तर खडीही खडाच आणि साखरही खडाच, पण जिभेला त्याचे सोयरसुतक नसते.) फारसीत ती ‘शकर’ झाली आणि अरबीत ‘सुक्कर’, अरबांनी उसाची लागवड सिसिली आणि स्पेनपर्यंत नेली तेव्हा शब्दही बरोबर गेला, आणि लॅटिन व फ्रेंचमधून फिरून तो इंग्रजीत ‘शुगर’ झाला. ही झाली पश्चिमेची खुष्कीची वाट.

दुसरी वाट समुद्राची आहे. मलयाळममध्ये तोच संस्कृत शब्द ‘चक्कर’ होऊन राहिला होता, पण तेथे त्याचा अर्थ दाणेदार साखर नसून गूळ, विशेषतः ताडामाडाचा गूळ, असा होता. मलबारच्या किनाऱ्यावर व्यापाराला आलेल्या पोर्तुगिजांनी तो ‘जागरा’ असा उचलला आणि त्यांच्याकडून इंग्रजांनी ‘जॅगरी’ केला. मौज अशी की पोर्तुगिजांच्या घरी साखरेला अरबीतून आलेला ‘असूकर’ हा शब्द आधीपासूनच होता. एकाच आजीची दोन नातवंडे त्यांच्या जहाजावर एकत्र आली आणि कोणी कोणाला ओळखले नाही. नाव साखरेचे आणि वस्तू गुळाची, हा ‘जॅगरी’तला घोळ इंग्रजांचा नव्हे, तो मलबारातच पक्का झालेला होता.

‘कँडी’चीही गत अशीच आहे. संस्कृत ‘खंड’, फारसी ‘कंद’, अरबी ‘कंदी’ आणि मग फ्रेंचमार्गे इंग्रजी. ‘शुगर कँडी’ म्हणजे शब्दशः शर्कराखंड.

आता काकवी. ‘ट्रीकल’ला माझा विरोध आहे, आणि तो शब्दाच्या इतिहासामुळेच आहे. ग्रीक ‘थेरिऑन’ म्हणजे हिंस्र श्वापद. त्यावरून ‘थेरियाकी’ म्हणजे विषारी प्राण्यांच्या दंशावरचा उतारा. रोमन सम्राट नीरोचा वैद्य आंड्रोमॅकस याने असा एक उतारा प्रसिद्ध केला, त्यात अनेक द्रव्यांबरोबर घोणसवर्गीय सापाचे मांसही पडत असे. पुढे औषध मधात किंवा पाकात कालवून देण्याची रीत असल्यामुळे ‘ट्रीकल’ हे नाव औषधाकडून पाकाकडे सरकले आणि शेवटी साखर शुद्ध करताना मागे उरणाऱ्या काळसर पाकाला चिकटले. काकवी ही अशी उरलेली वस्तू नव्हे. गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळत असतो, भेंडीच्या पाण्याने मळी वर येते, ती झाऱ्याने काढली जाते, आणि गूळ होण्याच्या थोडे आधी गुळव्या तार पाहून जो दाट, तांबूस रस बाजूला काढतो ती काकवी. तिच्यातून साखर काढलेलीच नसते. म्हणून ‘काकवी’ तसेच ठेवावे, आणि फोड करावीच लागली तर उसाच्या रसाचा पाक असे सांगावे.

पुरवणी प्रश्न : मग ‘मोलॅसिस’ हा शब्द आपल्या ‘मळी’वरूनच गेला असेल का? कारखान्यात तर दोन्ही शब्द एकाच वस्तूला वापरतात.

उत्तर : नाही. ‘मोलॅसिस’ हा पोर्तुगीज ‘मेलासु’वरून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘मेल’ म्हणजे मध आहे. आपली ‘मळी’ ‘मळ’ या शब्दातली आहे. एकाने त्या पाकात मध पाहिला, दुसऱ्याने घाण पाहिली; उच्चारसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे. शिवाय गुऱ्हाळावरची मळी म्हणजे वरचा फेस आणि कारखान्यातली मळी म्हणजे साखर काढल्यावर उरलेला पाक, हा भेद हुक्केरी-संकेश्वर भागात बोलताना लक्षात ठेवावा लागतो.

जाता जाता ‘शुगर’च्या परतीच्या प्रवासाविषयी. आपल्याकडे ती वस्तू म्हणून परत आलीच नाही, आजार म्हणून आली. कन्नड शेजारी मधुमेहाला आपल्याच शब्दात ‘सक्करे कायिले’ म्हणतात. आपण मात्र ‘साखर झाली’ असे म्हणत नाही, ‘शुगर झाली’ असेच म्हणतो. आमच्या घरी सकाळच्या चहाला ‘साखर किती घालू?’ आणि ‘शुगर किती आली?’ हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाला विचारले जातात, आणि त्याच्या उत्तरात कधी गफलत होत नाही.