कोटा भरतो की संपतो? आणि ‘लिमिट’ला ‘मर्यादा’ म्हणावं का?

मशीन लर्निंगच्या क्लस्टरवर (कुबरनेटीस या प्रणालीने एकत्र चालवलेल्या मशीनवर) टीमनिहाय कोटे कसे लावायचे, याची मराठी माहितीपुस्तिका तयार होते आहे. तिच्या एकाच पानावर ‘मर्यादा’ हा शब्द चार अर्थांनी आलाय: क्लाउड कंपनीने खात्याला घातलेली, नेमस्पेसला, म्हणजे टीमच्या कप्प्याला, घातलेली (रिसोर्सकोटा), एकेका कंटेनरची, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या डब्याची (लिमिट) आणि लिमिटरेंजची. त्यातून तयार झालेलं वाक्य असं: ‘मर्यादा ओलांडल्यास पॉड बंद पडतो.’ (पॉड म्हणजे एकत्र चालणारे एक किंवा अधिक कंटेनर.) कोटा, लिमिट आणि रिक्वेस्ट (पॉडसाठी आधी मागितलेला आकडा) यांना वेगवेगळे शब्द सुचवा. शिवाय ‘कोटा संपला’ बरोबर की ‘कोटा भरला’, यावरही एकमत नाही.

प्रतिसाद १

शब्दांआधी वाक्य बघा. चारांपैकी एकाच ठिकाणी ते खरं आहे.

नेमस्पेसचा कोटा ओलांडला जाणार असेल तर पॉड बंद पडत नाही, तो जन्मालाच येत नाही. एपीआय सर्व्हर (क्लस्टरकडे येणाऱ्या मागण्या घेणारा भाग) ४०३, म्हणजे ‘मनाई’, देऊन परत पाठवतो आणि संदेशात ‘एक्सीडेड कोटा’ असं येतं. आधीपासून चालू असलेल्या पॉडना काहीही होत नाही, मागाहून कोटा कमी केला तरीही.

कंटेनरने मेमरीची लिमिट ओलांडली तर मात्र तो मारला जातो: ओओएम-किल्ड (मेमरी संपल्याने मारलेला), एक्झिट कोड १३७. सीपीयूची लिमिट गाठली तर मारत नाहीत, फक्त वेग आवळतात. खात्याचा कोटा कमी पडला तर नवा नोड (क्लस्टरमधलं मशीन) येत नाही आणि पॉड पेंडिंगमध्ये, म्हणजे जागेची वाट बघत, खोळंबतो. लिमिटरेंज म्हणजे एका पॉडने किंवा कंटेनरने किमान-कमाल किती मागायचं याची चौकट, आणि काही लिहिलंच नसेल तर भरायचे डीफॉल्ट आकडे.

म्हणून नामांपेक्षा क्रियापदं नीट वापरा: नाकारला, मारला गेला, मंदावला, खोळंबला. वाचणाऱ्याला कुठे शोधायचं ते तिथेच कळतं.

प्रतिसाद २

कोट्याला ‘नियतांश’ किंवा ‘नियतन’ सुचवलं जाईल, म्हणून आधीच विरोध नोंदवतो. नियतन म्हणजे कुणाच्या तरी नावे ठरवून दिलेला वाटा. कुबरनेटीसचा रिसोर्सकोटा कुणासाठी काहीही बाजूला काढून ठेवत नाही, तो फक्त वरची रेघ आखतो. क्लस्टरमध्ये १६ जीपीयू आहेत आणि तीन टीमना प्रत्येकी ८ चा कोटा दिला, तर बेरीज २४ होते. हे चालतं, कुणी अडवत नाही. आधी येईल त्याला मिळतं. तिसऱ्या टीमच्या कोट्यात ८ च्या ८ शिल्लक दिसतात आणि तिचा पॉड ‘इन्सफिशंट’ (अपुरे) म्हणत पेंडिंगमध्ये बसून राहतो. ‘आमच्या वाट्याचे गेले कुठे?’ हा प्रश्न नेमका इथे येतो आणि त्याला तंत्रापेक्षा शब्द जास्त जबाबदार असतो.

‘कोटा’ मराठीत मुरलेला आहे, तोच ठेवा. अनेकवचन ‘कोटे’. ‘कोट्या’ केलंत तर वाचणारा विनोदाची वाट बघेल.

प्रतिसाद ३

भरला की संपला, यात खरोखर अर्थभेद आहे.

भरतं ते भांडं. त्यातलं काढलं की जागा होते. संपतो तो साठा. वापरला की गेला. रिसोर्सकोटा भांड्यासारखा आहे. पॉड यशस्वी होवो वा अयशस्वी, एकदा काम आटोपलं की त्याचे जीपीयू, सीपीयू आणि मेमरी कोट्याच्या वापरातून वजा होतात. म्हणून ८ पैकी ८ वापरात असतील तर ‘कोटा भरला’, आणि नंतर ‘कोटा मोकळा झाला’.

महिन्याला अमुक जीपीयू-तास अशी बांधणी असेल तर ती संपते. तिथे काम थांबवून काहीही परत मिळत नाही. पहिल्या प्रकाराला ‘संपला’ म्हटलं की लोक मुदत उलटायची वाट बघत बसतात. खरं तर कुणाची तरी विसरलेली नोटबुक बंद केली की काम भागतं.

प्रतिसाद ४

रिक्वेस्टला ‘विनंती’ अजिबात नको. विनंती मान्य होईल किंवा होणार नाही. इथे शेड्यूलर (पॉडसाठी नोड निवडणारा भाग) तेवढी जागा नोडवर धरून ठेवतो, आणि कोट्यातही हाच आकडा मोजला जातो, प्रत्यक्ष वापर नाही. १६ कोअर मागून २ वापरले तरी कोट्यातून १६ च जातात. ‘राखीव मागणी’ म्हणा, किंवा नुसतं ‘राखीव’. लिमिटला ‘कमाल’. जीपीयूच्या बाबतीत हा फरक उरतच नाही: राखीव आणि कमाल सारखेच असावे लागतात, आणि कोट्यात फक्त ‘रिक्वेस्ट्स’ने सुरू होणारी नोंद चालते, ‘लिमिट्स’वाली नाही.

पुस्तिकेत एक उदाहरण आकड्यांसकट द्या. नेमस्पेसचा कोटा: सीपीयू ६४, मेमरी ५१२ गिबीबाइट, जीपीयू ८. ट्रेनिंगचे ४ वर्कर, प्रत्येकी सीपीयू १६, मेमरी १२० गिबीबाइट, जीपीयू २. बेरीज ६४, ४८० आणि ८. कागदावर तंतोतंत बसतं. पण सोबत वर्करना काम सुरू करून देणारा एक लाँचर पॉड असतो, अर्ध्या कोअरचा. तो आधी उभा राहतो. मग तीन वर्कर येतात, ४८.५ होतात. चौथ्याला ६४.५ लागतात, म्हणून तो नाकारला जातो. पहिले तिघे ६ जीपीयू धरून चौथ्याची वाट बघतात, ट्रेनिंग सुरूच होत नाही, आणि अर्ध्या कोअरपायी सगळं अडकतं. पॉडच्या यादीत चौथा दिसतही नाही. जॉबचं ‘डिस्क्राइब’ बघितलं तर इव्हेंटमध्ये ‘फेल्ड-क्रिएट’ सापडतं. उपाय साधा: सीपीयूचा कोटा ६६ करा, नाहीतर वर्करला १५ द्या.

आणि लाँचरला सीपीयूचा आकडाच लिहिला नसेल तर? कोट्यात सीपीयू असल्यामुळे तोही नाकारला जातो, ‘मस्ट स्पेसिफाय’ (आकडा द्यायलाच हवा) म्हणून. त्यासाठीच कोट्याबरोबर डीफॉल्ट देणारी लिमिटरेंज लावायची असते.

प्रतिसाद ५

एककांचे मराठी संक्षेप करू नका, हात जोडतो. मिलि, मेगा, मेबी: तिन्हींची सुरुवात ‘म’ने. मूळ फाइलमध्येही लहान एम म्हणजे मिलि. सीपीयूला ५०० लावून लहान एम म्हणजे अर्धा कोअर, ठीक. तोच लहान एम मेमरीपुढे पडला तर ४०० चा अर्थ होतो ०.४ बाइट. गिगा (१००० च्या पटीत) आणि गिबी (१०२४ च्या पटीत) यांतही साधारण ७ टक्क्यांचा फरक आहे: ६४ गिगाबाइट म्हणजे जेमतेम ५९.६ गिबीबाइट. ‘मिलिकोअर’, ‘मेबीबाइट’ असं पूर्णच लिहा.

प्रतिसाद ६

क्यू (Kueue) नावाचं, कुबरनेटीसवर जॉब रांगेत लावणारं साधन वापरणार असाल तर ‘बॉरो’ला शब्द लागेल. ‘उधार’ नको, ‘उसना’ घ्या. उधारीत माल आधी, पैसे नंतर. उसनं आणलेली वस्तू तशीच परत करायची असते. तिथे प्रत्येक क्लस्टरक्यूला, म्हणजे रांगेला, एक मूळ कोटा असतो, आणि एकाच गटातल्या रांगा एकमेकींचा न वापरलेला भाग उसना घेतात. उसनवारीची कमाल लिहिली नाही तर गटातलं सगळं मोकळं उचलता येतं. मालकाला गरज पडली म्हणून उसनं आपोआप परत येत नाही; परत ओढून घ्यायची सोय डीफॉल्टने बंद असते, ती वेगळी चालू करावी लागते. वरचं अर्ध्या कोअरचं त्रांगडंही यात टळतं, कारण सगळ्या पॉडना पुरेल एवढा कोटा मोकळा झाल्याशिवाय जॉब सोडलाच जात नाही.

प्रतिसाद ७

क्लाउड कंपनीच्या कोट्याला ‘खाते-कोटा’ म्हणा आणि तो कशात मोजतात ते प्रत्येक वेळी लिहा. अॅमेझॉनकडे जीपीयू मशीनचा ऑन-डिमांड कोटा व्हीसीपीयूत (आभासी सीपीयूत) मोजतात. पी४डी मालिकेतल्या ८ जीपीयूंच्या मशीनला ९६ व्हीसीपीयू असतात, म्हणजे अर्जात ‘८’ लिहून हाती शून्य मशीन येणार. ९६ लिहायला हवं. गूगलकडे प्रदेशाचा कोटा वेगळा आणि सर्व प्रदेशांचा एकूण जीपीयू कोटा वेगळा, दोन्ही पुरावे लागतात. आणि कोटा मंजूर झाला म्हणजे त्या घडीला मशीन हजर असेलच असं नाही. तिथे ‘क्षमता नाही’ असाच शब्द वापरा, ‘कोटा नाही’ म्हटलं की लोक पुन्हा अर्ज करत बसतात.

धागाकर्ता

वाक्य मोडून तीन केली: ‘नेमस्पेसचा कोटा भरला असेल तर नवा पॉड नाकारला जातो. कंटेनरने मेमरीची कमाल ओलांडली तर तो मारला जातो. खाते-कोटा किंवा क्षमता कमी पडली तर पॉड खोळंबतो.’ आता ‘प्रीएम्प्ट’ (दुसऱ्या कामासाठी चालू पॉड काढणं) उरला. ‘बेदखल’ चालेल?

प्रतिसाद ८

बेदखल केलेला परत येत नाही. क्यूमध्ये पॉड काढून टाकतात, पण जॉब पुन्हा रांगेत लागतो. ‘उठवला’ म्हणा, पंगतीतून उठवतात तसा. फक्त लगेच खाली लिहा की चेकपॉइंट (ट्रेनिंग कुठवर आलं याची साठवलेली प्रत) जपून ठेवला नसेल तर ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं.