लेकीला सिरियलमधे काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. लेक नऊ वर्षांची, आम्ही नाशिकला असतो. राज्य बालनाट्य स्पर्धेत तिने म्हातारीचं काम केलं, पदर खोचून कमरेत वाकून अशी काही भांडली की परीक्षकपण हसले, तेव्हापासून एकच धोशा, आई मला टीव्हीवर काम करायचंय. आता एका कोऑर्डिनेटरचा फोन आलाय, रोल पक्का म्हणे पण आधी पोर्टफोलिओचे पंचवीस हजार भरा. मला तर कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतंय, ऑडिशन न घेता रोल पक्का कसा होतो हो? लहान मुलांना खरंच पोर्टफोलिओ लागतो का, की मोबाईलवरचे साधे फोटो आणि छोटा इंट्रो व्हिडिओ चालतो?

दुसरं म्हणजे बालकलाकारांना दिवसाला 5 तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांच्या वर नाही, निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढायची, कमाईतले किमान 20 टक्के मुलाच्या नावे एफडीत, हे नियम वाचलेत. पण सेटवर पाळतात का कोणी? आणि शाळेचं कसं जमवता, शूटिंगसाठी नाशिक-गोरेगाव (मुंबई) रोज तर शक्यच नाही. ज्यांची मुलं काम करतायत त्यांनीच सांगा प्लीज, "आधी अभ्यास करू दे" हे सासूबाई रोज सांगतातच.