मदत हवी आहे : कुंडीतील अनंतासाठी आम्लधर्मी माती कशी तयार करावी?

नमस्कार. सोलापुरात आमच्या गच्चीवर मोगरा, जास्वंद, अनंत आणि एक्झोरा कुंड्यांत लावले आहेत. मोगरा उत्तम बहरतो. परंतु अनंत व एक्झोरा यांची कोवळी पाने पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नत्र कमी पडले असते तर पिवळेपणा आधी जुन्या पानांवर दिसला असता, म्हणून ही लोहाची कमतरता असावी असे मला वाटते. माती इथलीच काळी, चुनखडीयुक्त आहे आणि पाणी बोअरचे, जड. मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे याचे माप; ७ च्या खाली आम्लधर्मी) ८ च्या आसपास आला, तर अनंताला तो साधारण ५ ते ६.५ लागतो. लोह मातीत असले तरी एवढ्या सामूला ते मुळांना मिळत नाही.

कुंडीतली माती पूर्ण बदलून कोकणातील जांभ्याची लाल माती, कोकोपीट आणि पालापाचोळ्याचे खत घेतल्यास प्रमाण काय ठेवावे? (रोपवाटिकेतली प्रत्येक लाल माती आम्लधर्मी असतेच असे नाही, त्यामुळे ती तपासूनच घेणार आहे.) सामू उतरवण्यासाठी घातलेले गंधक चुनखडीच्या मातीत सावकाश काम करते, तेव्हा तोवर चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रीतीने सेंद्रिय रसायनाशी बांधलेले लोह) द्यायचे झाल्यास एवढ्या सामूला न टिकणारा ईडीटीए प्रकार टाळून टिकणारा ईडीडीएचए प्रकारच घ्यावा ना? लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालण्याचा सल्ला अनेकांनी दिला, पण त्याचा परिणाम टिकेल असे वाटत नाही. पावसाचे पाणी साठवता येते, मात्र उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यावाचून इलाज नसतो. अशा पाण्यावर अनंत जोपासणाऱ्यांनी आपली पद्धत कृपया सविस्तर सांगावी.