लग्नात 200 मिलीच्या पाणी बाटल्या ठेवायच्या की नको?

वाईकरीण: नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात आहे, गावीच, माणसं साधारण 700. केटररवाले म्हणतात छोट्या बाटल्यांचे बॉक्स घ्या, सुटसुटीत पडतं, आणि बाबांनाही तेच बरं वाटतंय, पाहुण्यांनी पाण्याला नावं ठेवू नयेत म्हणून. पण मागच्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात मी बघितलंय ना, पंगत उठली की टेबलाखाली बाटल्यांचा खच, निम्म्यांत दोन घोट पिऊन टाकलेलं पाणी तसंच, सगळ्या कार्यालयामागच्या ओढ्यात टाकल्या आणि पहिल्या पावसात मोरीत जाऊन तुंबल्या. बाबांना काय सांगू? तब्येतीचं पण काही असतं का, का नुसता कचरा?

प्रयोगशाळा_सांगली: ताई, दोन्ही आहे. ह्या बाटल्या पेट (PET) नावाच्या प्लास्टिकच्या, ते बनवताना अँटिमनी नावाचं धातूसारखं मूलद्रव्य वापरतात आणि त्याचा थोडा अंश बाटलीत राहतो. गार जागी ठेवलं तर पाण्यात उतरतो तो अगदी किरकोळ, पण बाटली तापली की हे प्रमाण वाढतं, आणि मे महिन्यात टेम्पोत ताडपत्रीखाली बॉक्स किती तापतात ते हात लावून बघा. एका बाटलीने कोणी आजारी पडत नाही, उगाच घाबरवायचं नाहीये मला. दुसरं म्हणजे बारीक कण. 2024 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी अमेरिकेतल्या तीन ब्रँडचं पाणी तपासलं तर लिटरमागे सरासरी 2 लाख 40 हजारांच्या आसपास प्लास्टिकचे कण निघाले, त्यातले 90 टक्के नॅनो, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म. बाटलीचं पेट होतंच, शिवाय पाणी गाळायच्या पडद्यातलं वाटावं असं नायलॉनही होतं. शरीरात ते काय करतात ह्यावर अजून संशोधन चालू आहे, पण लहान पोरांना रोज हेच पाणी द्यायला माझं तरी मन धजत नाही.

भंगारवाला_दादा: ताई माझं भंगाराचं दुकान आहे म्हणून सांगतो. रिकामी स्वच्छ बाटली आम्ही घेतो, पुढे तिचा पॉलिस्टरचा धागा होतो. पण लग्नातली बाटली उष्टी, आत पाणी, वर आमटी लागलेली, टोपण वेगळ्या प्लास्टिकचं, आणि एवढ्याशा बाटल्या शंभरेक वेचाव्यात तेव्हा कुठे किलो भरतो. गावात कोण येणार वेचायला? शेवटी पेटवून देतात, तो धूर शेजारच्या वस्तीत. आणि उघड्या पडल्या तर पावसाचं पाणी साचून डेंग्यूचे डास, ते वेगळंच.

मायबोली_मिरज: जार घेणार असाल तर नीट चौकशी करा हां, बऱ्याच ठिकाणी थंड पाण्याचे जार विनापरवाना भरतात, प्लांट स्वतः जाऊन बघा. आम्ही मुलाच्या मुंजीत पिंपं भरून ठेवली, स्टीलचे ग्लास भाड्याने आणले आणि भाचरांना जग घेऊन पंगतीत फिरवलं, पाहुणे उलट खूश. सिक्कीममधल्या लाचेन गावाने 2012 मध्येच बाटल्या बंद केल्या, तिथे तर टुरिस्टांची ये-जा असते! आपलं तर एका दिवसाचं कार्य.

वाईकरीण: सगळ्यांचे आभार. बाबांना ओढ्याचा फोटो दाखवला, आणि दादांचं ते धुराचं वाचून दाखवलं, तेव्हा गप्प बसले आणि मग म्हणाले पिंपं बघ कुठे मिळतात. ग्लास धुवायला दोन बायका वेगळ्या सांगितल्यात. आता फक्त वऱ्हाडाच्या बसचं राहिलंय, चार तासांचा प्रवास आहे, तिथे कोणी काय केलंय का?